अठरा वर्षांचा आरोपी : अनंत कान्हेरे

१९ एप्रिल १९१० रोजी सकाळी ठाण्याच्या कारागृहात तीन तरुणांना फाशी देण्यात आले. त्यांपैकी कृष्णाजी गोपाळ कर्वे हा मुंबईत उच्च शिक्षण घेत होता आणि विनायक नारायण देशपांडे हा शिक्षक होता. तिसरा, अनंत लक्ष्मण कान्हेरे, जेमतेम अठरा वर्षांचा होता. नाशिकचे जिल्हाधिकारी आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन यांच्या खुनाबद्दल या तिघांना देहान्ताची शिक्षा झाली होती. न्यायालयाच्या दप्तरी अनंत हा खुनी म्हणून नोंदला गेला, आणि महाराष्ट्राच्या स्मृतीत तो हुतात्मा म्हणून राहिला. या दोन नोंदींमध्ये जे अंतर आहे, त्यातच त्याच्या छोट्याशा आयुष्याची कहाणी दडलेली आहे.

ही कहाणी सहसा नाशिकची म्हणून सांगितली जाते. तिचा आरंभ मात्र नाशिकमध्ये झाला नाही. तो झाला कोकणात, आणि तेथून पुढे निजामाच्या राज्यात. आदिलाबादहून निर्मलमार्गे दक्षिणेस निघाले, की गोदावरी ओलांडताच निजामाबाद जिल्हा लागतो. या निजामाबादचे जुने नाव इंदूर. रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील आयनी या गावी जन्मलेल्या अनंताचे प्राथमिक शिक्षण याच इंदुरात झाले. त्याचा जन्म सामान्यतः १८९२ सालचा मानला जातो. घरात दोन भाऊ, दोन बहिणी. कुटुंब मध्यम स्थितीतले, पोटापाण्यासाठी मुलूख सोडून पांगलेले. कोकणातील कितीतरी ब्राह्मण कुटुंबे त्या काळात अशीच देशावर, वऱ्हाडात आणि मोगलाईत जाऊन राहिली होती. मोगलाई हा शब्द आज मागे पडला; पण गोदाकाठच्या मराठी माणसाच्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी निजामाच्या मुलखाला हेच नाव होते.

औरंगाबादचे दिवस

पुढील इंग्रजी शिक्षणासाठी अनंत औरंगाबादला मामांकडे गेला. चित्रकलेची त्याला आवड होती. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने सिकंदराबाद, निजामाबाद, नांदेड, औरंगाबाद आणि मनमाड ही गावे एका रुळावर आणली होती. मनमाडला गाडी बदलली, की नाशिक हाकेच्या अंतरावर. संस्थानी मुलूख आणि इंग्रजी मुलूख यांची हद्द कागदावर कितीही ठळक असली, तरी या लोहमार्गावरून माणसे, पत्रे आणि विचार विनासायास ये-जा करीत होते.

हद्दीचा दुसराही एक उपयोग होता. निजामाच्या राज्यात इंग्रज पोलिसांना परस्पर हात घालता येत नसे. रँडच्या वधानंतर बाळकृष्ण चापेकर याने आश्रय शोधला तो हैदराबाद संस्थानातच. या मुलखालाही बंडाची ओळख नवी नव्हती. १८६० साली आदिलाबादच्या बाजूला, निर्मल येथे रामजी गोंड आणि त्याच्या साथीदारांना फासावर देण्यात आले होते. ज्या वडावर त्यांना लटकावले त्याला लोकस्मृती आजही हजार फासांचा वड म्हणते. अनंत इंदुरात शिकत होता तेव्हा त्या घटनेला पन्नास वर्षेही झाली नव्हती.

काही काळ बार्शी येथे थोरल्या भावाकडे राहून अनंत १९०८ मध्ये औरंगाबादला परतला आणि गंगाराम रूपचंद श्रॉफ या मारवाडी गृहस्थांच्या घरी भाड्याने खोली घेऊन राहू लागला. गंगाराम आणि अनंत यांच्यात दाट मैत्री जमली. या मैत्रीवर अनंताने ‘मित्रप्रेम’ नावाची कादंबरीही लिहिली. सतरा वर्षांचा मुलगा, चित्रे काढणारा, मैत्रीवर कादंबरी लिहिणारा : पुढे ज्याच्या हातात पिस्तूल आले त्याचे हे आधीचे रूप लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच्या स्वभावात क्रौर्य होते असे कोणीही नोंदवलेले नाही. होती ती भावनेची तीव्रता, आणि एकदा दिलेला शब्द जिवापलीकडे जपण्याची वृत्ती.

गंगाराम आणि काशीनाथ हरी टोणपे हे गुप्त मंडळाशी संबंधित होते. टोणपे यांच्यामार्फत अनंताचाही त्यात प्रवेश झाला. त्याच्या निश्चयाची परीक्षा घेतली गेली, तेव्हा त्याने तापलेल्या दिव्याच्या काचेवर तळहात ठेवला आणि चेहऱ्यावर वेदना दिसू दिली नाही, अशी आख्यायिका सांगितली जाते.

नाशिकमधील वातावरण

१९०८ आणि १९०९ ही दोन वर्षे महाराष्ट्राच्या राजकारणात कमालीच्या घुसमटीची होती. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेला झाली. सनदशीर मार्गाचा सर्वांत मोठा आवाज असा दूर गेल्यावर तरुणांच्या मनातील संताप वाट शोधू लागला. नाशिकमध्ये सावरकर बंधूंनी उभारलेल्या ‘अभिनव भारत’ या गुप्त संघटनेचे जाळे आधीपासूनच होते. धाकटे विनायकराव १९०६ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. नाशिकची धुरा थोरले गणेश, म्हणजे बाबाराव, यांच्याकडे राहिली.

बाबारावांनी कवी गोविंद यांच्या कविता छापल्या. त्या राजद्रोही ठरवून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. जिल्हाधिकारी जॅक्सन यांनी हे प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठवले आणि ८ जून १९०९ रोजी बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कविता छापल्याबद्दल अंदमान, ही शिक्षा नाशिककरांच्या जिव्हारी लागली. त्यानंतर महिन्याभरातच, १ जुलै १९०९ रोजी, लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा याने सर कर्झन वायली याला गोळ्या घातल्या. १७ ऑगस्टला धिंग्रा फासावर गेला. त्या वार्ता नाशिकच्या तरुणांपर्यंत पोहोचत होत्या. बाबारावांनंतर अण्णा कर्वे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृष्णाजी कर्वे याने स्वतःचा वेगळा गट बांधला. विनायक देशपांडे, शंकर सोमण, वामन ऊर्फ दाजी जोशी, गणेश वैद्य ही मंडळी त्यात होती. आपल्या साऱ्या यातनांचे मूळ म्हणून या गटाने एका माणसाकडे बोट दाखवले. तो माणूस म्हणजे जॅक्सन.

पंडित जॅक्सन

जॅक्सन कोण होते, हे सांगितल्यावाचून या घटनेचा खरा भार कळणार नाही. ते उर्मट, अडाणी गोरे अधिकारी नव्हते. १८६६ साली जन्मलेले हे गृहस्थ भारतीय मुलकी सेवेत आले आणि या देशाच्या विद्येत रमले. त्यांना संस्कृत येत होते, मराठी चांगली येत होती. पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे गुजरातच्या प्राचीन इतिहासावरील अपुरे राहिलेले लेखन मुंबई गॅझेटियरसाठी पूर्ण करण्याचे काम त्यांनीच केले. गुजरात आणि कोकण येथील लोकांच्या समजुती, व्रते, दैवते, भुताखेतांच्या कल्पना यांची टिपणे त्यांनी जमवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती १९१४ व १९१५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. मराठी नाटकांचीही त्यांना गोडी होती.

मग क्रांतिकारकांना ते शत्रू का वाटले? कारण विद्वत्ता आणि राज्यकारभार या दोन गोष्टी त्यांच्या ठायी वेगवेगळ्या नव्हत्या. लोकांची भाषा आणि मन जाणणारा अधिकारी साम्राज्याच्या दृष्टीने अधिक उपयोगी, आणि म्हणूनच चळवळीच्या दृष्टीने अधिक घातक, असा या तरुणांचा हिशोब होता. गोड बोलून माणसे फोडणारा आणि त्याच हाताने बाबारावांना अंदमानची वाट दाखवणारा, असे त्यांचे चित्र या गटाने मनाशी रंगवले. वंदे मातरम् म्हणणाऱ्या तरुणांवरील खटले आणि राष्ट्रीय विचारांचे वकील बाबासाहेब खरे यांच्यावरील कारवाई यांचेही खापर त्यांच्या माथी फोडले गेले. साम्राज्याचा कारभार हाकणाऱ्या एका माणसात सारे साम्राज्य पाहणे ही त्या हिशोबातली मोठी चूक होती, असे आज शंभराहून अधिक वर्षांनी म्हणता येते. १९०९ साली नाशिकच्या एखाद्या माडीवर, दार लावून बसलेल्या विशी-बाविशीच्या मुलांना तसे वाटणे शक्य नव्हते.

अनंताची आणि जॅक्सन यांची ओळख नव्हती. अनंत नाशिकचा रहिवासी नव्हता. जॅक्सन यांच्या कोणत्याही निर्णयाची झळ त्याच्या घराला लागली नव्हती. शस्त्रांच्या शोधात गणू वैद्य औरंगाबादकडे गेला, तेव्हा अनंताला नाशिकच्या बेताची वार्ता कळली. आपण हे काम करतो, असे त्याने स्वतःहून सांगितले. तो नाशिकला आला, जॅक्सन यांना दुरून पाहून घेतले, एकांतात नेम धरण्याचा सराव केला. या कामात फाशी अटळ आहे, हे त्याला ठाऊक होते. आईवडिलांना मागे आठवण राहावी म्हणून त्याचे छायाचित्र काढून घेण्यात आले, असे सांगतात. छायाचित्र काढून घेण्याचा हा विचार ज्यांना सुचला, त्यांनीच त्याला मृत्यूकडे पाठवले, हेही विसरता येत नाही.

पिस्तुले लंडनहून आली होती. विनायकराव सावरकर यांनी चतुर्भुज अमीन याच्या सामानातून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकी असलेल्या अमीनच्या पेटीला दुहेरी तळ होता आणि त्या दोन तळांमध्ये ही पिस्तुले दडवलेली होती. त्यांतलीच काही नाशिकपर्यंत पोहोचली.

विजयानंद नाट्यगृहातील रात्र

डिसेंबर १९०९ मध्ये जॅक्सन यांची बढतीवर बदली झाल्याची बातमी आली. कर्वे गटाचा बेत पुढचा होता. आता सावज हातचे निसटणार असे वाटून त्यांनी घाई केली. जॅक्सन यांच्या निरोपासाठी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठरला. गोविंद बल्लाळ देवल यांचे हे नाटक म्हणजे पैशासाठी कोवळ्या मुलीला म्हाताऱ्या वराच्या गळ्यात बांधण्याच्या चालीवरचा कठोर प्रहार. त्या काळी किर्लोस्कर मंडळीत बालगंधर्व होते आणि त्यांच्या गाण्यासाठी लोक दूरवरून येत.

२१ डिसेंबर १९०९ ची ती रात्र. नाट्यगृह भरलेले. अनंत पिस्तूल घेऊन आत बसला होता. तो चुकलाच तर कर्वे आणि देशपांडे हेही सशस्त्र होते. जॅक्सन आत शिरले आणि आपल्या आसनाकडे निघाले, तेव्हा अनंताने गोळी झाडली. ती लागली नाही, असे सांगितले जाते. मग समोरून जवळ जाऊन त्याने एकामागून एक चार गोळ्या घातल्या. त्रेचाळीस वर्षांचे जॅक्सन जागीच कोसळले. जवळ बसलेले उपजिल्हाधिकारी पळशीकर आणि पोलीस अधिकारी मारुतराव तोरडमल यांनी अनंतावर झडप घातली. काम झाल्यावर स्वतःचाही अंत करायचा असा त्याचा बेत होता; तो साधला नाही. तो पळाला नाही, त्याने प्रतिकारही केला नाही.

झडप घालणारे दोघेही अधिकारी मराठी होते, प्रेक्षागृह मराठी होते, रंगभूमीवरचे नाटक मराठी होते. मेला तो मराठी जाणणारा इंग्रज. त्या एका क्षणात वासाहतिक महाराष्ट्राचे सारे गुंतलेले धागे एकत्र आले होते. सरकारी नोकरी इमानाने करणारे, साहेबाचा सत्कार करणारे, गुप्तपणे पिस्तूल बाळगणारे आणि नुसतेच गाणे ऐकायला आलेले, असे सारे एकाच छपराखाली होते.

खटला आणि शिक्षा

यानंतर नाशिकमध्ये धरपकडीचे सत्र सुरू झाले. अनंत हा एकटा वेडा मुलगा नसून त्याच्यामागे संघटना आहे, हे पोलिसांच्या ध्यानी यायला वेळ लागला नाही. चौकशीत काहींची तोंडे उघडली, हत्यारे सापडली, नावांची साखळी लांबत गेली. औरंगाबादपर्यंत तिचे धागे गेले.

डिसेंबर १९०८ मध्ये सरकारने नवा कायदा केला होता. त्यानुसार अशा गुन्ह्यांचा खटला उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या विशेष पीठापुढे, ज्यूरीविना चालवता येई. त्याच तरतुदीखाली मुंबईत सात जणांवर खटला चालला. अनंताने आपले कृत्य नाकारले नाही. त्यामुळे त्याच्यापुरता प्रश्न फारसा उरलाच नव्हता. खरा वाद इतरांच्या सहभागाचा होता. २९ मार्च १९१० रोजी निकाल लागला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी. सोमण, वामन जोशी आणि वैद्य यांना जन्मठेप काळे पाणी. दत्तात्रय जोशी याला दोन वर्षे सक्तमजुरी. कर्वे आणि देशपांडे यांनी गोळी झाडली नव्हती. तरीही कटात सामील होऊन शस्त्रासह हजर राहणे हे कायद्याच्या दृष्टीने तितकेच गंभीर ठरले.

खून २१ डिसेंबरला झाला आणि फाशी १९ एप्रिलला. अटक, चौकशी, सुनावणी, निकाल आणि अंमलबजावणी असे सारे चार महिन्यांच्या आत उरकले. निकाल आणि फास यांत अवघे तीन आठवडे. इतक्या वेगाने चाललेल्या न्यायात आरोपीच्या वयाचा, त्याला या मार्गाला लावणाऱ्यांचा, त्याच्या मनःस्थितीचा विचार किती झाला असेल, हे निराळे सांगायला नको. सरकारला न्यायाइतकीच जरबही बसवायची होती.

फाशीनंतर तिघांचे देह नातलगांच्या हाती दिले गेले नाहीत. ठाण्याच्या खाडीकाठी त्यांचे दहन झाले आणि राखही घरच्यांना मिळाली नाही, असे सांगितले जाते. चापेकरांच्या वेळेपासून सरकारला अनुभव होता, की फाशी गेलेल्याची अंत्ययात्रा ही मिरवणूक होते आणि चितेची जागा तीर्थ होते. म्हणून कोणतीही खूण मागे राहू द्यायची नाही, असे धोरण होते.

मागे काय उरले

जॅक्सन यांच्या खुनाने नाशिकच्या क्रांतिकार्याला बळ मिळाले नाही. उलट ते मोडून पडले. नाशिक कटाच्या वेगळ्या खटल्यात ३८ जणांना उभे करण्यात आले आणि २७ जणांना शिक्षा झाल्या. फेब्रुवारी १९१० मध्ये वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा नवा मुद्रण कायदा आला. खुनात वापरलेले पिस्तूल लंडनहून आलेल्या वीसांपैकी होते, या धाग्यावरून १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये अटक झालेल्या विनायकराव सावरकर यांच्याविरुद्धचा आरोप बळकट झाला. त्यांना हिंदुस्थानात आणताना त्यांनी जुलैमध्ये मार्सेलिसच्या बंदरात उडी घेतली. ते प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेले. कटाबद्दल डिसेंबर १९१० मध्ये एक आणि जॅक्सन यांच्या खुनास साहाय्य केल्याबद्दल ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी, अशा दोन जन्मठेपा त्यांना झाल्या. विजयानंद नाट्यगृहात झाडलेल्या गोळ्यांचे पडसाद असे अंदमानच्या कोठडीपर्यंत पोहोचले.

आज नाशिकच्या मोठ्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. तेथे क्रिकेटचे सामने होतात आणि हे नाव खेळाच्या बातम्यांतून महाराष्ट्रभर जाते. त्या नावामागचा मुलगा कोण होता, हे सामना पाहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. इंदूर आणि औरंगाबाद यांच्याशी त्याचे असलेले नाते तर आणखीच थोड्यांना.

त्याच्या कृत्याकडे कसे पाहावे, हा प्रश्न सोपा नाही आणि तो सोपा करूही नये. त्याने एका निःशस्त्र माणसाला, तो नाटक पाहायला आलेला असताना, ठार मारले. त्या माणसाने या भूमीच्या विद्येची सेवा केली होती. हे सत्य हुतात्मा या शब्दाने पुसले जात नाही. त्याचबरोबर, कविता छापणाऱ्याला काळ्या पाण्यावर धाडणारी, लोकमान्यांना देशाबाहेर नेऊन ठेवणारी आणि दाद मागण्याचे प्रत्येक दार बंद करत जाणारी सत्ता हेही तितकेच खरे. अशा बंद दारांआड वाढलेल्या मुलांच्या हाती पिस्तूल येते तेव्हा त्याचा दोष केवळ मुलांच्या माथी मारता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. अनंताला वापरून घेतले गेले का? वयाने आणि शिक्षणाने मोठे असलेले साथीदार होते, योजना त्यांची होती, शत्रूही त्यांनीच ठरवला होता. पण कर्वे आणि देशपांडे हे मागे राहून सुरक्षित बसले नाहीत. ते त्याच रात्री त्याच नाट्यगृहात होते आणि त्याच सकाळी त्याच फासावर चढले. त्यांच्यावर दुसऱ्याच्या जिवावर उदार होण्याचा आरोप करता येत नाही.

आयनीत जन्म, इंदुरात मुळाक्षरे, औरंगाबादेत मैत्री आणि कादंबरी, नाशिकमध्ये एक रात्र आणि ठाण्यात एक सकाळ. अठरा वर्षांच्या आयुष्यात एवढीच गावे येतात. गोदावरीच्या उगमाजवळचे नाशिक आणि खालच्या खोऱ्यातील निजामाबाद-आदिलाबाद हा मुलूख एकाच नदीने जोडलेला आहे. त्या काळी तो एकाच लोहमार्गानेही जोडलेला होता. म्हणून अनंत कान्हेरे यांचा इतिहास शिकवताना तो केवळ पश्चिम महाराष्ट्राचा धडा म्हणून संपवू नये. संस्थानी मुलखातील एका मराठी विद्यार्थ्याचा तो इतिहास आहे, आणि आपल्या भागातील शाळांमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंसह तो सांगितला जायला हवा.